पालीच्या गोमतीच्या बांगड्या

फोनवर मी तुम्हाला रोज एकच प्रश्न विचारते म्हणून तुम्ही दोघं हसता. "आज कोण भेटलं?" तन्वी म्हणते, "कोणी नाही, आजी," आणि ईशान तर मी तोंड उघडायच्या आत माझ्याच आवाजात तो प्रश्न विचारून मोकळा होतो. हसा, मला राग येत नाही. पण हा प्रश्न मी कुठून उचलला ते एकदा नीट सांगून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे. फोनवर ते जमायचं नाही, कारण तिकडे तुमची शाळेची बस आलेली असते आणि इकडे माझं दूध उतू जात असतं. म्हणून लिहिते आहे. तुमच्या आईला मोठ्याने वाचायला सांगा, आणि तिला घाई करू देऊ नका.

मीरा रोडच्या या चौथ्या मजल्यावरून आता खाली पाहिलं की पाण्याच्या टाक्या, औषधांची दुकानं आणि शेअर रिक्षांची रांग दिसते. मी नर्सिंग शिकत होते तेव्हा इथून भाईंदरच्या खाडीपर्यंत बहुतेक मिठागरंच होती. भाईंदरच्या अशाच एका मिठागरावर माझे काका कारकून होते आणि आगराच्या बांधाला लागून असलेल्या बैठ्या चाळीत त्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या. दारातून दिसायचे ते मिठाचे ढीग. दुपारी त्यांच्याकडे बघवत नसे, डोळे दिपायचे. त्या घरातल्या प्रत्येक वस्तूला मिठाची चव होती. दोरीवरचे कपडे वाळले की पापडासारखे कडक व्हायचे, कडीकोयंडे गंजून करकरायचे आणि नव्या सुया महिन्याभरात लाल पडायच्या. सकाळी आगरात पाणी सोडलं की बारीक खळखळ ऐकू यायची, आणि दिवसभर फावड्यांची खरखर. इतर आवाज कमी. घरात माणसं दोनच, काका आणि काकू, आणि दोघांनाही बोलायची फारशी सवय नव्हती. त्यांना मूल नव्हतं. हे त्या घरात कोणी बोलत नसे, पण दोन खोल्यांतली एक खोली नेहमी जरा जास्तच आवरलेली असायची, आणि मला झोपायला तीच दिली होती.

माझे वडील, म्हणजे आबा, रत्नागिरीला हायस्कुलात इंग्रजी शिकवत. आई मी लहान असतानाच गेली. आबांनी मला जेवताना, फिरताना, पाणी भरताना इंग्रजी शिकवलं, आणि मॅट्रिक झाल्यावर म्हणाले, "आता कोणावर अवलंबून राहायचं नाही असं काहीतरी शीक." भाईंदरला एका ट्रस्टचं इस्पितळ होतं आणि तिथे मुलींना नर्सिंग शिकवत. आबांना ते पटलं. काकांना पटलं नाही, पण मोठ्या भावाला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी एकच अट घातली. मुलगी हॉस्टेलवर राहणार नाही, घरी राहील. त्या एका अटीमुळे मी कुठलीच राहिले नाही. बाकीच्या सगळ्या मुली हॉस्टेलवर एकत्र राहायच्या. बहुतेक केरळातल्या होत्या, काही वसईकडच्या. त्या एकमेकींच्या वेण्या घालायच्या, एका डब्यातून जेवायच्या, त्यांच्या भाषेत गाणी म्हणायच्या. शिकवणं इंग्रजीत चाले. ते मला सोपं जायचं म्हणून परीक्षेआधी सगळ्या माझ्याभोवती जमायच्या, "ए डे-स्कॉलर, ये किडनी का समझाओ ना," असं म्हणून. मी समजावून सांगायची. समजलं की त्या उठून मेसमध्ये जेवायला जायच्या आणि मी मागच्या पायरीवर बसून माझा डबा उघडायची. कोणी वाईट वागत नव्हतं. डबा कोणाबरोबर उघडायचा हा प्रश्न फक्त मला होता, एवढंच.

संध्याकाळी घरी यायची ती पुढच्या दाराने नाही. काकूचा नियम होता, इस्पितळातून आलं की आधी मागच्या न्हाणीत अंघोळ, मग उंबरठा. न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि वर आभाळ. मी दगडावर बसायची आणि काकू लांब उभी राहून तांब्याने माझ्या डोक्यावर पाणी ओतायची, स्पर्श होऊ नये म्हणून हात उंच धरून. पाणी विहिरीचं, गार. थंडीत दात वाजायचे. ती काही बोलायची नाही, मीही नाही. माझी निळ्या चौकडीची साडी वेगळ्या दोरीवर, माझं ताट वेगळ्या फळीवर. जेवण मात्र ती मनापासून करायची. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, आंबोशी घातलेलं सुकट, रविवारी ओली मासळी मिळाली तर तिरफळं घालून आमटी. मी आत येईपर्यंत त्या दोघांचं झालेलं असे. माझं ताट चुलीपाशी झाकलेलं. मी एकटी जेवायची आणि पलीकडच्या खोलीतून काकूच्या बांगड्यांचा आवाज ऐकायची. तिची सूप पाखडण्याची किणकिण वेगळी, तांदूळ निवडण्याची वेगळी. ती कुठे आहे आणि काय करते आहे ते मला न बघता कळायचं. दिवसभरात मी काय पाहिलं ते त्या घरात मला कोणी कधी विचारलं नाही. कोणाचा ताप उतरला, कोण गेलं, पहिलं इंजेक्शन मी कोणाला दिलं. सांगायला खूप असायचं आणि ते सगळं गार पाण्याबरोबर न्हाणीच्या मोरीतून वाहून जायचं.

आता बांगड्यांचं सांगते. आमच्या मेट्रन केरळच्या होत्या. उंच, सडपातळ, चालताना चपलेचा आवाज न करणाऱ्या. त्यांचा पहिला नियम, ड्यूटीवर हात रिकामे हवेत. अंगठी नाही, मनगटावर घड्याळ नाही, बांगडी तर नाहीच. आणि काकूचा पहिला नियम, रिकाम्या हातांनी या घरात वावरायचं नाही. "पोरीबाळींचे मोकळे हात मला बघवत नाहीत," ती म्हणायची. तेव्हा रोज सकाळी इस्पितळाच्या फाटकाजवळच्या नळावर मी साबण लावून काचेच्या बांगड्या उतरवायची, रुमालात बांधायची, आणि संध्याकाळी त्याच नळावर परत चढवायची. सुरुवातीला पुष्कळ फुटल्या. फुटल्या म्हणायचं नाही, वाढवल्या म्हणायचं, तेही काकूनेच शिकवलं. पुढे पुढे मला युक्ती साधली. अंगठा तळव्यात दुमडायचा, हाताची हाडं जवळ आणायची, फेस करायचा आणि ओढायचं नाही, फिरवायचं. वर्ष संपेपर्यंत मी बोलता बोलता बांगडी उतरवू शकत होते. बोलायला कोणी नव्हतं ते सोडा.

गोमतीला आणलं ती अशीच एक दुपार होती. उत्तनजवळच्या पाली गावातून मासळीच्या ट्रकमध्ये, बर्फाच्या पाट्यांवर गोणपाट अंथरून तिला आणलं होतं. दिवस भरलेले, चेहरा आणि हातपाय सुजून टम्म, रक्तदाब इतका चढलेला की कोणत्याही क्षणी झटके यायची भीती. बरोबर फक्त सासू. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मुंबईहून येणारे सर्जन नशिबाने त्या दिवशी इस्पितळातच होते. ते म्हणाले, पोट उघडून मूल लगेच काढलं नाही तर दोघंही जातील. थिएटर तयार झालं. मी तिचे कपडे बदलले, वेणी बांधली. आणि मेट्रननी तिच्या मनगटाकडे बोट दाखवलं. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्यांचा चुडा, सुजेत रुतलेला.

"चूड़ी निकालो."

गोमतीने दोन्ही मुठी छातीशी धरल्या. "न्हाय. मालक दर्यात हाय. होडी येत न्हाय तवर बांगड्या उतरायच्या न्हाय."

"झटका आएगा तो काँच टूटेगा, हाथ कटेगा. सलाइन भी लगाना है. जल्दी!"

सासू मध्ये आली. तिचं म्हणणं मी मेट्रनना हिंदीत सांगितलं. त्यांच्या घरची रीत अशी की नवरा समुद्रावर असताना बायकोचा चुडा उतरत नाही. अगदीच उतरवावा लागला तर तो खाली ठेवायचा नाही, डब्यात ठेवायचा नाही, होडी परत येईपर्यंत कोणाच्या तरी हातात राहायला हवा. मेट्रन म्हणाल्या, "तो ये पहन ले ना, सासू!"

सासूला तेवढी हिंदी कळली. तिने आपले दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत उघडे, खारवलेले, मोकळे. "माजे हात बग, बाय," ती म्हणाली. "माजा दर्यानं न्हेला. मी कशी घालू?"

वॉर्डातल्या बायका खाटांवरून सगळं बघत होत्या. सासूने त्यांच्याकडे पाहिलं तशी एकेकीने पदर तोंडाला लावून मान फिरवली. दुसरीच्या सौभाग्याची जोखीम कोण घेणार? हातात असताना एखादी फुटली तर? तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, फोडून टाका, पोर महत्त्वाचं. तसा गोमतीने असा आवाज काढला की मला अजून तो कानात ऐकू येतो. रडणं नव्हतं ते.

सासूची नजर माझ्या मनगटांवर आली. "तू आपल्यातली ना गं? लगीन झालंय?"

"नाही."

"तरी चालंल. कुवारीण बी चालते. तूच घाल."

मी मेट्रनना म्हटलं, "मी काढते. फोडायला नको." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

मी गॉजची पट्टी तिच्या बोटांपासून मनगटापर्यंत घट्ट गुंडाळली, सूज दाबली जावी म्हणून. तिचा हात वर धरला. मग साबणाचा फेस. अंगठा तळव्यात, ओढायचं नाही, फिरवायचं. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली आणि कशी कोण जाणे, एकदम सुटून माझ्या हातात आली. ती मी माझ्या मनगटात चढवली आणि दुसरीला हात घातला. गोमती एकटक बघत होती, बांगडीकडे नाही, माझ्या तोंडाकडे. थिएटरच्या दारातून सर्जननी दोनदा हाक मारली. सासू पुटपुटत होती. दोन्ही हात मोकळे झाले तेव्हा एकही काच तडकली नव्हती, आणि गोमतीने पहिल्यांदा डोळे मिटले. त्यानंतर तिला आत नेलं. मला आत जाता येत नव्हतं, माझ्या हातात चुडा होता. मी बाहेरच्या बाकावर सासूशेजारी बसले. तिच्या अंगाला माशांचा आणि बर्फाचा वास होता. बऱ्याच वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती.

गोमती वाचली, पण तिला ताप भरला. दोन्ही हातांवर सुया होत्या, सूज होती. बांगड्या तिच्या हातात परत जायला काही दिवस लागणार हे उघड होतं. मेट्रननी मला खोलीत बोलावलं. मी सगळं इंग्रजीत, मुद्देसूद सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "तुम्हारा इंग्लिश अच्छा है," त्या म्हणाल्या, "मेरा रूल भी अच्छा है. कल सुबह हाथ खाली चाहिए. नहीं तो कैपिंग नहीं." पहिलं वर्ष संपलं की मुलींना पांढरी टोपी देत, त्याला कॅपिंग म्हणत. टोपी मिळाली नाही तर शिक्षण तिथेच संपे. समारंभ त्याच आठवड्यात होता.

मी घरी निघाले. बांगड्या मला ढिल्या होत होत्या, हात खाली सोडले तर निसटतील अशा. म्हणून दोन्ही हात छातीशी दुमडून, कोणाचं तरी तान्हं मूल न्यावं तशी मी बांधावरून चालत होते. आगरातल्या बायका फावडी थांबवून बघत होत्या. मी न्हाणीत शिरले, दगडावर बसले. काकू तांब्या घेऊन आली, हात उंच केला आणि तसाच राहिला.

"हे काय?"

मी काही बोलायच्या आत तिच्या हातातला तांब्या खाली पडला. "अगो सुमे! हिरवा चुडा! कोणाच्या नावाचा घातलास गो?"

तिची हाक ऐकून काका मागच्या दाराशी आले. त्यांचा चेहरा मिठासारखा पांढरा झाला. "कोण आहे तो?" ते म्हणाले. मी नाही नाही म्हणत होते पण ते ऐकायच्या पलीकडे गेले होते. "डॉक्टर आहे? कंपाउंडर? मद्रासी तर नाही ना?"

"काका, एका पेशंटच्या आहेत."

"पेशंटशी लग्न केलंस?"

आज लिहिताना मला हसू येतं. त्या दिवशी मी दगडावर बसून, ओली न होता, कुडकुडत होते. रडतच सगळं सांगितलं, पालीची बाई, सासूचे मोकळे हात, होडी, मेट्रन. काका म्हणाले, असल्या गोष्टी कोणी रचूनसुद्धा सांगत नाही. उद्यापासून शिकणं बंद, आबांना रत्नागिरीला पत्र टाकतो, येऊन घेऊन जा म्हणावं. ते आत निघून गेले. काकूने तांब्या उचलला. माझ्या डोक्यावर पाणी ओतलं, नेहमीसारखंच, उंचावरून. मग पहिल्यांदा, त्या न्हाणीत पहिल्यांदाच, तिने मला काही विचारलं.

"सूज होती म्हणालीस ना हातांना?"

"हो."

"एकही वाढवली नाहीस?"

"नाही."

ती बादली उचलून आत गेली. मी जेवले नाही, ताट झाकलेलंच राहिलं.

सकाळी मी गणवेश घालून मागच्या पायरीवर बसले होते. जायचं तर हात रिकामे हवेत, आणि हात रिकामे करायचे तर बांगड्या ठेवायच्या कुठे? हे विचारायला मला कोणी नव्हतं. आबा रत्नागिरीला, मुली हॉस्टेलवर, आणि घरात काका माझ्याकडे पाठ करून दाढी करत होते. फाटकाजवळचा नळ उघडून बांगड्या रुमालात बांधाव्यात, कोणाला कळणार आहे, असंही मनात आलं. पण गोमती माझ्या तोंडाकडे बघत होती ते डोळ्यांपुढून जात नव्हतं. मी ठरवलं की जायचं नाही. आबांबरोबर परत जायचं. ठरवलं आणि बसूनच राहिले.

मागे किणकिण झाली. काकू नुकतीच न्हाऊन, ओले केस पाठीवर सोडून उभी होती. हातात साबणाची वडी.

"आण इकडे."

"काय?"

"हात आण. सवाष्णीच्या हातात राहायला हव्यात ना बांगड्या? मग मी कोण आहे?"

ती माझ्यासमोर पायरीवर बसली. मी इस्पितळाची साडी नेसले होते, ती न्हालेली होती. तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला. शिकायला लागल्यापासून तिचा हात मला पहिल्यांदा लागत होता. ऊन होता.

काका तोंडाला साबण लावलेले तसेच बाहेर आले. "अगो, कोण कुठली ती बाई! तुझ्या हातात एखादी फुटली आणि तिकडे काही बरंवाईट झालं तर आयुष्यभर आपल्या माथी."

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाली. मी तिला त्यांच्याशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "माझे बाबा गलबतावर होते. गलबत यायचं असलं की आईचे हात मी बघत बसायची. तुम्हाला काय कळतंय त्यातलं, तुम्ही मीठ मोजा." आणि मला म्हणाली, "ऊठ, उशीर होईल. मी परत न्हाईन."

तिची मनगटं भरलेली होती. गोमतीच्या बांगड्या तिच्या बांगड्यांपुढे घट्ट बसल्या. मी वेळेवर पोचले, मेट्रननी माझे रिकामे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि वॉर्डात पाठवलं. गोमतीला मी सांगितलं की बांगड्या माझ्या काकूच्या हातात आहेत. तापाने तिचे डोळे लाल होते. "तिचा मालक हाय ना?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, आहे, दाढी करतोय.

त्यानंतरचे दिवस त्या घरातले सगळ्यात विचित्र आणि, आता वाटतं, सगळ्यात बरे. काकू धुणं आपटेना, दळण दळेना, विहिरीचा रहाट ओढेना. ते सगळं काकांकडे आलं, आणि आबांना टाकायचं पत्र तसंच राहिलं. सकाळी कचेरीत जाण्याआधी ते पंचा नेसून पाणी ओढायचे आणि शेजाऱ्यांनी विचारलं की म्हणायचे, "हिचा हात दुखतोय." काकूची किणकिण बदलली. दुहेरी, दाट झाली. मी पलीकडे बसून जेवताना ऐकायची तर घरात दोन बायका वावरताहेत असं वाटायचं. आणि संध्याकाळी मी न्हाणीत शिरले की तांब्या उचलायच्या आधी ती विचारायची, "आली का होडी?"

"नाही आली."

"ताप?"

"थोडा उतरला."

"पोर दूध ओढते का? सासू जेवली का? बाकीच्या होड्या काय सांगताहेत?"

मी सांगायची. पालीच्या बाकीच्या होड्या परत आल्या होत्या, याचीच दिसत नव्हती. वाऱ्यात शेवटची दिसली ती डहाणूच्या बाजूला. सासू रोज येऊन खाटेच्या पायाशी बसायची आणि दाराकडे बघत राहायची. काकू ऐकताना नकळत एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या चाचपून बघायची. पाणी गारच असायचं, पण ते आता उशिरा पडायचं. मध्येच कॅपिंग झालं. मुलींनी हातात मेणबत्त्या धरल्या, हॉस्टेलच्या मुलींची माणसं दूरदूरून आली होती, कोणी फोटो काढत होतं. माझ्या घरचं कोणी नव्हतं. चुड्यासह गर्दीत जायला काकू तयार नव्हती आणि काका तिच्याशिवाय कुठे जात नसत. मेट्रननी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, पिना लावल्या आणि हळूच म्हणाल्या, "नाव आया?" मी मान हलवली. होडी आली नव्हती. संध्याकाळी मी टोपी कागदात गुंडाळून घरी आणली. काकूने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "होडी?" ती म्हणाली.

एका सकाळी मी गोमतीचं अंग पुसत होते तेव्हा वॉर्डाच्या दाराशी गलका झाला. सासू धावत आत आली. तिच्यामागे दारातच एक माणूस थांबला, काळा, दाढी वाढलेला, अंगातला सदरा मिठाने पांढरा पडलेला. आत यायला पुरुषांना मनाई होती. इंजिन बंद पडून होडी वाहत गेली होती, दुसऱ्या बंदराच्या लोकांनी ओढून नेली होती. गोमतीने त्याच्याकडे पाहिलं, आणि लगेच माझ्याकडे. "बांगड्या," ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत मी बांधावरून धावत घरी गेले. काकू सुकट निवडत होती. मी दारातूनच ओरडले. तिने सूप बाजूला ठेवलं, भिंतीला टेकली. मग उठली, ठेवणीतलं लुगडं नेसली, कुंकवाची कोयरी घेतली, ओटीचे तांदूळ आणि नारळ घेतला. माझ्याबरोबर इस्पितळाची पायरी चढताना तिने फिनेलच्या वासाने पदर नाकाला लावला होता, पण थांबली नाही. गोमतीची सूज उतरली होती. काकू खाटेच्या कडेवर बसली आणि एकेक बांगडी आपल्या हातातून तिच्या हातात चढवू लागली. माझ्याइतका तिचा हात सराईत नव्हता. मी साबण घेऊन पुढे झाले तर म्हणाली, "राहू दे, जमतंय मला." मेट्रन लांबून बघत होत्या. भेटीची वेळ नव्हती. त्यांनी एका मुलीला खुणावलं आणि काकूसाठी स्टूल पाठवलं.

शेवटची बांगडी चढल्यावर काकूने कुंकू लावलं, ओटी भरली. गोमतीने तिचा हात धरून ठेवला. "तुमी कोन हो, बाय?"

काकूने माझ्याकडे पाहिलं. टोपीसकट मला ती पहिल्यांदाच बघत होती.

"मी हिची काकू," ती म्हणाली.

गोमती चार दिवसांनी पालीला गेली. तिची खाट धुऊन, चादरीचे कोपरे दुमडून मी दुसऱ्या बाईसाठी तयार केली. त्या संध्याकाळी बांधावरून येताना मला आनंद व्हायला हवा होता, पण मी मुद्दाम हळू चालत होते. होडी आली होती, पोर सुखरूप होतं, चुडा आपल्या जागी गेला होता. आता काकूने मला विचारावं असं काही उरलं नव्हतं. पुन्हा ती लांब उभी राहणार, वरून पाणी पडणार, आणि पलीकडच्या खोलीतून एकेरी किणकिण ऐकत मी एकटी जेवणार. माझी काही तक्रार नव्हती. माणसाला सवय होते. पण थोड्या दिवसांसाठी सवय मोडली की ती पुन्हा लावून घ्यायला फार त्रास होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तुमची आई तिकडे गेली आणि हे घर पुन्हा मला एकटीला आवरावं लागलं, तेव्हा दुसऱ्यांदा.

मी न्हाणीत जाऊन दगडावर बसले, मान खाली घातली. काकू आली. बादली ठेवल्याचा आवाज झाला. मी वाट बघत राहिले, पण पाणी पडेना. मान वर केली तर ती पत्र्याच्या कडेला, माझ्यापासून हातभर अंतरावर, पाटावर बसली होती. बादलीतून वाफ येत होती.

"मग," ती म्हणाली, "आज कोण भेटलं?"

त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं. काशीगावची एक म्हातारी तेवढी आली होती, पाय मोडलेली, जी सगळ्या डॉक्टरांना शिव्या देत होती. मी म्हटलं, "कोणी नाही. एक म्हातारी आली होती, सगळ्यांना शिव्या देत होती."

"कसल्या शिव्या देते?" असं ती पुढे विचारील असं मला वाटलं नव्हतं, पण तिने तेच विचारलं. आणि मी सांगायला लागले. एक शिवी सांगितली तशी काकू पदरात तोंड घालून हसली, मग दुसरी सांगितली. आतून काका ओरडले, "अगो, ती पोर गारठेल!" तेव्हा आमच्या लक्षात आलं की बादलीतली वाफ कधीच गेली होती आणि तांब्या अजून कोरडाच होता.